उलटी पाचर

आमच्या घरी पिकअप आली तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या गाडीचा हेवा वाटायचा. डिंगोऱ्याच्या मळ्यात सकाळी उठल्यावर हे आधी तिची काच पुसायचे, मग चहा घ्यायचे. पण हेवा फार दिवस टिकला नाही. कारण गाडीत बसल्यावर हे जेवढे बोलायचे तेवढे घरात कधीच बोलले नाहीत. घरात बोलायचे ते मामंजी, म्हणजे माझे सासरे. बाकीच्यांनी ऐकायचं, असा रिवाज. केबिनमध्ये मात्र ह्यांचा एक हात स्टेअरिंगवर, दुसरा खिडकीत, आणि तोंडाचा पट्टा सुरू. टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात जायचं, येताना गाडीतच बसून भजी खायची. नव्वदीच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. माझा खरा संसार त्या केबिनमध्ये झाला.

गाडी उंच करायची टूम मामंजींची. मळ्याच्या वाटेत ओढा आडवा येतो. पावसाळ्यात त्याचं पाणी चढलं की गाडी मधेच बंद पडायची आणि माल ओढ्यात तासन्‌तास अडकायचा. मामंजी म्हणाले, "उच्ची करून घ्या. बैल बुटका आसंल तर चिखलात प्वाट लागनारच." एका गॅरेजात नेऊन गाडीचं वजन झेलणाऱ्या पोलादी पाट्यांमध्ये जादा पाटे घातले, पाटे ज्या कड्यांवर लटकतात त्या कड्या लांब करून घेतल्या. गाडी अशी उंच झाली की मला आत चढायला पालथा क्रेट लागायचा. पण ओढा कसा पार झाला ते कळलंही नाही. मामंजींनी मिशीवरून हात फिरवला.

त्याच आठवड्यात दुखणं सुरू झालं. डांबरीवर जरा वेग घेतला आणि पुढचं चाक खड्ड्यात आपटलं की स्टेअरिंग थरथरायला लागायचं. थरथर कसली, गाडीचं सगळं पुढचं अंग डावी-उजवीकडे झटके द्यायचं, ह्यांचे दंड खांद्यापर्यंत हलायचे. ब्रेक मारून गाडी जवळजवळ उभी केली की मगच ती शांत व्हायची. "अंगात आल्यावानी करती," हे म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. हा शब्द पुढं आमच्याच अंगाशी येणार होता.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. पुढचे टायर मागं, मागचे पुढं. चाकांचं बॅलन्सिंग. शॉकअप नवे. स्टेअरिंगच्या दांड्यांचे सांधे ढिले असतील म्हणून तेही बदलले. प्रत्येक वेळी हे उजळ तोंडानं घरी यायचे, "आता गेलं बघ," म्हणायचे, आणि ओतूरच्या अलीकडंच ते परत यायचं. शेवटी एकदा बाजाराला मामंजी एकटेच गाडी घेऊन गेले आणि येताना लोखंडाच्या दोन पाचरी घेऊन आले. तिथल्या एका मिस्त्रींनी सांगितलं होतं की गाडी उचलली तेव्हा पुढच्या दोन चाकांना जोडणारा आक्सल तोंडावर कलला, म्हणून चाकं सरळ राहायची ओढ गेली. पाटा आणि आक्सलच्या मध्ये पाचर घातली की तो परत मागं रेलेल.

पाचर कोणत्या अंगानं घालायची, हेही मिस्त्रींनी सांगितलं असणारच. पण पाचर हा शब्द ऐकला आणि मामंजींचे कान तिथंच मिटले असणार. जन्मभर त्यांनी लाकडी नांगराला पाचर ठोकली होती. नांगर जमिनीत किती खोल जावा हे त्या पाचरीवर ठरतं, आणि त्यांच्यासारखी पाचर पंचक्रोशीत कुणी बसवत नाही, हे तर सगळेच म्हणायचे. ते स्वतः गाडीखाली निजले. ह्यांनी फक्त पाने द्यायचे. नांगराला बसवावी तशी, जाड बाजू मागं करून, त्यांनी पाचर बसवली. त्यात उलटं-सुलटं काही असतं हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

गाडी आधी खड्ड्यात गेल्यावर हलायची, ती आता नुसत्या डांबराच्या सांध्यावरही हलायला लागली. हे म्हणाले, "आबा, वाढलंय." मामंजींनी ह्यांच्याकडं बघितलं, किल्ली घेतली आणि आळेफाट्यापर्यंत गाडी नेऊन आणली. ते चालवायचे बैलगाडीच्या चालीनं. त्या चालीला गाडी कशाला हलेल? खाली उतरून शेजाऱ्यांच्या देखत म्हणाले, "माज्या हातात कशी गाय व्हती! नाचता यीना अंगन वाकडं. दोष गाडीत न्हाई, तुज्या हातात हाये. हात कापतोय तुजा."

हे फडकं घेऊन गाडीची काच पुसायला लागले. आबांपुढं बोलायचं नाही, एवढंच त्यांना शिकवलेलं. मला अजून त्या गप्प बसण्याचा राग येतो.

श्रावणात भावकीतल्या बाया भीमाशंकरला निघाल्या. मागं बाया, केबिनमध्ये मामंजी, मी आणि हे. घोडेगावच्या पुढं उतारावर चाक खड्ड्यात गेलं आणि गाडीनं अंग झोकून दिलं. मागं आरडाओरडा. ह्यांनी कशीबशी गाडी कडेला घेतली. भावकीतली एक म्हातारी खाली उतरली, पदर खोचला, पिशवीतलं कुंकू काढून गाडीच्या बॉनेटला लावलं आणि हात जोडून विचारलं, "कोन द्याव हायेस, बाबा? काय ऱ्हायलंय तुजं? कुनाचं चुकलंय?"

बाया हसल्या. मीही हसले, हसू आवरेना. मग माझं लक्ष ह्यांच्याकडं गेलं. हे स्वतःचे तळहात बघत होते, उलटेसुलटे करून.

"चुकलंय ह्येचं," मामंजी म्हणाले, आणि ह्यांना सरकवून स्टेअरिंगवर बसले. तिथून देवळापर्यंत आणि परत घरापर्यंत त्यांनीच गाडी चालवली, सावकाश, जराही न हलवता. सगळ्या भावकीनं ते डोळ्यांनी बघितलं. गावात निकाल लागला. कुणी भाड्यानं गाडी सांगायला आलं की पहिलं विचारायचं, "डायवर कोन? आबा का त्यो?"

त्यानंतर ह्यांचं जे झालं ते मी रोज बघत होते आणि मला काही करता येत नव्हतं. आधी ते हळू चालवायला लागले. मग रिकामी गाडीसुद्धा मामंजींकडं द्यायला लागले. केबिनमधलं बोलणं बंद झालं. एका सकाळी चहाची बशी उचलताना चहा मांडीवर सांडला. मला वाटलं चटका बसला. दुसऱ्या दिवशी परत सांडला. हात खरंच कापत होता. जो नव्हता तो कंप लोकांनी रोज बोलून बोलून त्या हातात घातला. मंचरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि नसांना काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. त्यानं उलट वाईटच झालं, कारण आजार म्हणायचीही सोय राहिली नाही.

एकदा मला राहवलं नाही. मामंजी जेवत होते, मी दारातून म्हणाले, "तुमी येकदा जोरात चालवून बघा ना, मामंजी. मग हलती का नाय ते कळंल." ते मान वर न करता म्हणाले, "सूनबाई, भाकर करपती." भाकर करपत नव्हती. मी ती मुद्दाम करपवली आणि त्यांच्या ताटात वाढली.

शेवटी गाडी विकली. येडगावच्या एका माणसानं घेतली. ती जाताना हे गोठ्यात होते, बाहेर आलेच नाहीत.

वर्ष गेलं असेल. कांदे काढायचे दिवस. मी, हे आणि मामंजी दारात कांदे निवडत होतो. समोरच्या रस्त्यावरून क्रेटांची थप्पी लावलेली आमची पिकअप आली. आमच्या दारापुढं रस्ता पार उखडलेला, तरी ती भरधाव त्यावरून गेली. हललीसुद्धा नाही. हातातला कांदा टोपलीत टाकत मामंजी म्हणाले, "बघ. हात लागतो त्येला."

ह्यांनी मान खाली घातली.

गाडी पुढं जाऊन थांबली आणि तो येडगावचा माणूस पाणी प्यायला आमच्याकडं आला. आत माठापाशी तांब्या देताना मी विचारलं, गाडीला काय केलंत? तो म्हणाला, "काय न्हाई, वैनी. पाचरी उलट्या व्हत्या. जाड बाजू फुडं पायजे, ती मागं बशिवल्याली. फिरवल्या, झालं."

माझ्या डोक्यात घण बसला. मी म्हटलं, हे मोठ्यानं बोला, सगळ्यांना ऐकू जाऊ द्या. तो बिचारा गोंधळला, पण दारात उभं राहून त्यानं परत सगळं सांगितलं. मी मामंजींकडं बघितलं. ते बराच वेळ हातातल्या कांद्याची साल काढत राहिले. मग म्हणाले, "आसंल." आणि उठून मळ्याकडं गेले. एवढ्या सगळ्यावर त्यांचा तेवढा एकच शब्द.

मला वाटलं, आता तरी. मी ह्यांना हलवत होते, ऐकलंत का, गाडीतच दोष होता, ऐकलंत का. त्या माणसालाही काहीतरी उमगलं असावं. त्यानं खिशातून किल्ली काढून पुढं केली. "भाऊ, तुमचीच गाडी हाये. मारा येक चक्कर."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ह्यांनी उजवा हात पुढं केला, किल्ली घेतली, आणि तिच्यातलं कडं वाजायला लागलं. त्यांनी मूठ आवळली, तरी वाजतच राहिलं. दुसरा हात त्यावर धरला, तेव्हा कुठं थांबलं.

त्यांनी किल्ली परत दिली.

"बघितलंस?" ते मला म्हणाले. "आबा खरंच सांगत व्हते."