सटवाईचं आमंत्रण लवकर गेलं

"बापानं पाचवीच्या आंधी लेकराले हात नाई लावाव. आमच्यात चालत नाई," असं जाहीर करून आजीने नवजात कक्षाच्या दारातच फतकल मारली.

आत तिचा कालच जन्मलेला नातू होता. दिवस भरायच्या आधी आलेला, जेमतेम दीड किलोचा. त्याची आई झटके येऊन आयसीयूत. बाळाचं अंग सारखं गार पडत होतं. डॉक्टरांना 'कांगारू केअर' हवी होती. म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून, वरून गुंडाळून, तासन्‌तास बसायचं. मशीन असतंच, पण माणसाच्या उबेत अशी बाळं लवकर सावरतात. आजीला खोकला होता. उरला बाप, परतवाड्याहून चिखलदऱ्याला जीप चालवणारा.

मी अमरावतीच्या या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक. लोकांना वाटतं आम्ही फळं वाटतो. खरं काम म्हणजे पेशंट आणि उपचार यांच्या मध्ये जे आडवं येईल ते बाजूला करणं. या खुर्चीवर बसलेली मी पहिलीच बाई. रुजू झाले त्या दिवशी शिपायाने मलाच विचारलं होतं, "साहेब कधी येणार?"

तर आता आडवी आली होती पाचवी. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होते, ती बाळाचं नशीब लिहिते, असं मानतात. तरुण डॉक्टर आजीला विज्ञान समजावून घामाघूम झाले होते. मी अकोल्याची, आजीची बोली माझीही. तिच्याशेजारी खालीच बसले.

"आजी, तुमच्या घरी पाचवी कोण करते?"

"माह्याशिवाय कोण हाय?"

"मंग आजच केली तर? सटवाईले इथला पत्ता तं ठाऊक असन न?"

आजीने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग हसली. "तिले समदं ठाऊक असते. पन पाटा-वरवंटा लागते, बाई."

कॅन्टीनमध्ये नुसतेच मिक्सर. शेवटी सिस्टरनी आपल्या क्वार्टरमधून पाटा आणवला. कक्षात हळद-कुंकू चालत नाही, म्हणून पूजा माझ्या ऑफिसात झाली.

आता रुग्णालयाचे मोठे साहेब अडले.

"मॅडम, आत बाळंतिणी असतात. तिथे उघडा माणूस बसवणार? तक्रार आली तर?"

"बरोबर आहे, सर. मग कुठे बसवू, तुम्हीच सांगा."

साहेब स्वतः आले, कोपरा निवडला, पडदा लावून घेतला आणि आपल्या केबिनमधली उंच पाठीची खुर्ची पाठवून दिली.

घाटातली वळणं रोज घेणारा बाप खुर्चीपाशी नुसता उभा होता. "मॅडम, मले भेव लागते. येवढंसं हाय."

"काहून भेता? नुसतं बसा."

तो बसला. थोड्या वेळाने बाळाचे पाय कोमट लागले. सिस्टरने मान हलवली. मला रडूच आलं, आणि मी ते लपवलं नाही.

आई सावरली, बाळाने वजन धरलं, दोघं घरी गेली. जाताना आजी शेजारच्या बाळंतिणीच्या सासूला सांगत होती, "तुमी बी आजच उरकून घ्या. सटवाई कायी म्हनत नाई, मी इचारलं हाय."

एवढ्या वर्षांत मी शिकले ते इतकंच. नियमाशी भांडू नये. तो ज्याचा आहे त्यालाच वाट विचारावी. तो खुर्चीसुद्धा पाठवतो.