मंगळवारच्या सुया

शिवणमावशींना एक खोड होती. उसवलेलं दिसलं की त्यांना राहवायचं नाही. कुणाच्या बाहीची शिवण सुटलेली, कुणाच्या पिशवीचा बंद लोंबतोय, की झालं यांचं सुरू. "थांब रे जरा, हलू नकोस!" तो बिचारा अंगातल्या शर्टासकट भर रस्त्यात उभा आणि मावशी त्याच्या दंडाशी सुई चालवतायत. एकदा तर तावातावानं भांडायला आलेल्या शेजारणीचं बटण त्यांनी भांडण चालू असतानाच लावून दिलं. शेजारीण मध्येच फिस्सकन हसली, आणि भांडण कशावरून होतं हे दोघींनाही शेवटपर्यंत आठवलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर. पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीखाली शिलाई मशीन, मागे दोन लहान खोल्या, बस्स. पण घर स्वतःचं. अर्धा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेलेला, आणि दर घरमालकानं मशीनच्या आवाजावरून डोकं खाल्लेलं. म्हणून घर बांधताना मावशींनी आधी मशीनची जागा ठरवली आणि मग भिंती कुठे घालायच्या ते गवंड्याला सांगितलं. काका, म्हणजे त्यांचे यजमान, ट्रकवर ड्रायव्हर होते. ते म्हणाले, "अगं, माझ्या खाटेला तरी जागा ठेव." मावशी म्हणाल्या, "उरली तर बघू."

या घराला कर्ज देताना बँकेचा थाट काय वर्णावा! दोन गुळगुळीत पोरं घरी आली, चहा प्यायली, खिडकीची तारीफ केली, "मावशी, एक सही इथे, एक तिथे," आणि निघताना हात जोडून, "काही लागलं तर नुसता फोन करा हं!" सख्ख्या भाच्यांनीही कधी इतकं गोड बोलू नये. हप्ते वेळेवर जात होते तोवर हा गोडवा टिकला.

मग एका दुपारी माल उतरवताना काका ट्रकच्या फळीवरून पडले आणि खुबा मोडला. जीव वाचला, चालणं काठीवर आलं, ड्रायव्हिंग कायमचं सुटलं. गाठीला होतं नव्हतं ते दवाखान्यानं नेलं. मावशींच्या शिलाईवर चूल चालायची, औषधं चालायची, हप्ता तेवढा चालेना. पहिला चुकला, दुसरा चुकला, आणि बँकेचा सूर पालटला. रोज फोन, आणि रोज नवा आवाज. "मॅडम, पेमेंट कधी करताय?" मावशी पहिल्यापासून सगळं सांगायच्या. ट्रक, फळी, खुबा. पलीकडचा निमूट ऐकायचा आणि म्हणायचा, "ते ठीक आहे मॅडम, पेमेंट कधी करताय?" दुसऱ्या दिवशी दुसरा आवाज, पुन्हा तीच फळी, पुन्हा तोच खुबा. अहो, भिंतीशी बोललं तर निदान भिंत मॅडम तरी म्हणत नाही!

काही दिवसांनी तेही फोन बंद झाले, आणि त्या शांततेची मावशींना जास्त भीती वाटली. "मी समोर जाऊनच बोलते," त्या काकांना म्हणाल्या. "माणसानं माणसाशी बोललं की काहीतरी मार्ग निघतो." मागणं तरी असं काय मोठं होतं? हप्ता लहान करा, वर्षं वाढवा. बुडवायचं त्यांच्या मनातही नव्हतं, त्यांना थोडी उसंत हवी होती. मंगळवारी त्यांचं शिवणकाम बंद असायचं, म्हणून जायचा वार मंगळवार ठरला.

बँकेच्या दारात टोकनचं यंत्र होतं. त्यावर बटणं होती: पैसे भरणे, पैसे काढणे, नवीन खाते, नवीन कर्ज. मावशींनी चष्मा लावून सगळी बटणं दोनदा वाचली. आपल्याला हवं ते बटण त्यांना काही सापडेना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "टोकन नसेल तर साहेबांनाच भेटावं लागेल. साहेब मीटिंगमध्ये आहेत, बसा." मावशी बसल्या. दुपार झाली, साहेब मीटिंगमध्ये. बँक बंद व्हायची वेळ झाली, तरी मीटिंगमध्ये. "पुढच्या मंगळवारी या ना," मुलगी म्हणाली.

आता त्या बसल्या होत्या त्या खुर्चीलगत खिडकीचा पडदा होता, आणि त्याची खालची दुमड उसवून फरशीवर लोळत होती. येणाऱ्याजाणाऱ्याचा बूट तिच्यात अडकत होता. मावशींनी तिच्याकडे पाठ करून बघितली, डोळे मिटून बघितले. शेवटी पिशवीतून सुई काढलीच. दारावरचा मिशीवाला वॉचमन धावत आला. "मावशी, हे काय चालवलंय?" "बसलेच आहे ना भाऊ," मावशी म्हणाल्या, "हाताला तरी काम." वॉचमनला यात गैर काय ते सांगता येईना, म्हणून त्यानं मान हलवली आणि परत दाराशी गेला.

संध्याकाळी काकांनी विचारलं, "काय म्हणाले गं साहेब?"

खोलीभर औषधाचा वास होता आणि काका काठीवर हनुवटी टेकून त्यांच्याकडे बघत होते. 'कुणी भेटलंच नाही' हे शब्द मावशींच्या जिभेवर येईनात. "भेटले," त्या म्हणाल्या. "बघतो म्हणाले."

खोटं एकदा बोललं की पुढच्या मंगळवारी ते आपोआपच तोंडात येतं. साहेब भेटले, फाइल वर पाठवलीय म्हणाले. साहेब भेटले, काळजी करू नका म्हणाले. प्रत्यक्षात कधी साहेब रजेवर, कधी सिस्टीम बंद, आणि एकदा 'पाच मिनिटांत बोलावतो' म्हणून साहेब मागच्या दारानं जेवायला गेले ते गेलेच. मावशी आपल्या एकेक पडदा तुरपत राहिल्या. सगळ्या बँकेचे पडदे झाडून उसवलेले! ज्यानं शिवले त्यानं काय दातांनी शिवले होते की काय, कोण जाणे.

जवळचं मावशींना नीट दिसत नसे. अपघातानंतर सुया ओवण्याचं काम काकांनी आपणहून घेतलं होतं. गिअर ओढून राकट झालेली ती बोटं, पण दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून एका फटक्यात नेढ्यातून काढायची. मंगळवारी सकाळी ते सुया ओवून, फ्लॅनेलच्या तुकड्यात खोचून डबी मावशींच्या पिशवीत ठेवायचे. "वाट बघताना थोडं हातकाम होतं," एवढंच मावशी त्यांना म्हणाल्या होत्या. काका काही विचारायचे नाहीत. दर मंगळवारी एखादी सुई जास्तच ओवून द्यायचे.

असे मंगळवार गेले. मग बँकेत नवे साहेब आले. पहिल्याच मंगळवारी ते केबिनच्या बाहेर आले, खिडकीशी पडदा मांडीवर घेऊन बसलेल्या मावशींकडे बघितलं आणि खूश झाले. "अरे वा! पडद्यांचं काम सुरू झालं वाटतं. बाई, माझ्या केबिनमधलाही घ्या, फार लोंबतोय."

वॉचमननं तोंड उघडलं. मावशींनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. इतक्या मंगळवारांत ते दार पहिल्यांदा त्यांच्यासाठी उघडलं होतं, मग ते पडद्यासाठी का असेना! आत जाऊ, साहेब जरा मोकळे झाले की बोलू, असा त्यांचा बेत. पण त्या खाली बसेपर्यंत साहेबांनी फोन लावलाही होता, आणि काम करणाऱ्या बाईसमोर लोक बोलतात तसे ते मोकळेपणानं बोलत होते.

"हं, पुढची केस. ट्रक ड्रायव्हर, बायको शिलाई करते... नाही हो, काही संपर्कच नाही. शाखेत आले नाहीत, अर्ज नाही, काही नाही. या लोकांना घराची फिकीरच नसते. लावा लिलावाला."

सुई मावशींच्या बोटात घुसली. त्यांना ते कळलंही नाही. आपली पुढची खोली, खिडकी, खिडकीखालचं मशीन आणि मागे खाटेवर बसलेले काका, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. त्या उठल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "ती शिलाई करणारी बायको मीच."

साहेबांनी फोनवर हात ठेवला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुम्ही? पण... इथे नोंदच नाही तुमची. टोकन घेतलं होतंत का?"

"कुठलं बटण दाबू?" मावशींचा आवाज चढला. "कर्ज हवंय त्याला बटण आहे, पैसे भरायचे त्याला बटण आहे. 'भरायला जमत नाहीये, जरा ऐकून घ्या' असं बटण दाखवा, आत्ता दाबते!"

"तसं नाही मावशी, पण तुम्ही येत होतात याला काही पुरावा..."

"चला," मावशी म्हणाल्या, आणि साहेब खरंच त्यांच्या मागून बाहेर आले.

"हा बघा खुर्चीजवळचा. पहिला मंगळवार. दोरा जुळता नव्हता, काळ्यानं शिवलाय. हा दुसरा, घरून तपकिरी दोरा आणला. हा तिसरा. हा चौथा, त्या दिवशी तुमच्या आधीचे साहेब पाच मिनिटांसाठी जेवायला गेले. आणि हा अर्धाच आहे, कारण आज मध्येच तुम्ही मला आत बोलावलंत. मोजा तुम्ही. फिकीर नसलेल्या बाईचे मंगळवार आहेत हे."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. वॉचमन पुढे आला. "साहेब, मी रोज दारावर असतो. मावशी खरं बोलतायत." काउंटरवरची मुलगी उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "सर, पुढच्या मंगळवारी या, असं मीच सांगायचे त्यांना."

साहेबांनी वाकून पडद्याची दुमड हातात घेतली. बारीक, एकसारखे टाके. मग त्यांनी मावशींना आत नेलं, खुर्ची दिली.

"लिलाव मी थांबवतो," ते म्हणाले. "हप्ता लहान करायचा अर्ज आत्ता इथेच लिहू. मंजूर वरून होतो, पण मी मागे लागेन. आणखी काय करू?"

"आधी त्या कॉम्प्युटरमध्ये लिहा," मावशी म्हणाल्या, "की मी आले होते. दर मंगळवारी आले होते."

साहेबांनी लिहिलं. मग फोन उचलून ते म्हणाले, "ती मघाची केस मागे घ्या. हो, संपर्क आहे. समोरच बसल्या आहेत."

घरी जाताना मावशींनी वाटेत सगळं मनात जुळवलं. काकांना कसं सांगायचं, कुठे थांबायचं, साहेबांची नक्कल कुठे करायची. काका दारातच बसले होते. त्यांनी नेहमीसारखी पिशवी घेतली, डबी काढली, उघडली आणि तिच्यात बघत राहिले.

"आज भेटलं म्हणायचं कुणीतरी," ते म्हणाले.

मावशी उंबऱ्यातच थबकल्या. "तुम्हाला हो कसं कळलं?"

"सुया परत आल्यात. दोऱ्यासकट."

मावशींनी वाकून डबीत डोकावलं.

"दर वेळी सांगायचीस, साहेब भेटले, बघतो म्हणाले. आणि डबीत एकाही सुईत दोरा नसायचा. साहेबाशी बोलताना कोण तुरपाई करतं गं?"

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"काय बोलायचं?" काका म्हणाले. "मला वाईट वाटू नये म्हणून तू खोटं बोलत होतीस. मी आपली एक सुई जास्त ओवत होतो. दिवसभर बसायचं तुला, आणि मध्येच दोरा संपला तर तिथे ओवून द्यायला कोण होतं?"

मावशींना साहेब, पडदे, लिलाव, सगळं सांगायचं होतं. ते राहूनच गेलं. त्या काकांशेजारी पायरीवर बसल्या आणि तोंड फिरवून रडल्या. मग डोळे पुसले, वळल्या, आणि त्यांची नजर काकांच्या कोपरावर गेली. बाही उसवली होती.

त्यांनी डबीतली ओवलेली सुई उचलली.

"हलू नका जरा," त्या म्हणाल्या.