नागपूरच्या उन्हात वहिनीचा फोटो

यंदा डिसेंबरात मी नागपूरला गेले ती एकाच कामासाठी. वहिनीचा एक चांगला फोटो काढायचा होता.

निवृत्तीनंतर मी कॅमेरा घेतला, क्लास लावला आणि पुण्यातल्या निम्म्या ओळखीच्यांना झाडाखाली बसवून त्यांचे फोटो काढले. वहिनीचा मात्र एकही नाही. लग्नामुंजींच्या घोळक्यात ती असते, तिसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआड. एकटी उभी राहा म्हटलं की ती चहा टाकायला निघून जाते. ती आता एकाहत्तरची, मी बासष्टची. दादा, माझा मोठा भाऊ, गेला तेव्हा त्याचा एकट्याचा फोटो घरात नव्हता. तेराव्यासाठी एका ग्रुप फोटोतून त्याला कापून काढावं लागलं होतं. तशी वेळ पुन्हा येऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. वहिनीला अर्थातच सांगितलं नव्हतं.

रात्रीच्या गाडीने सकाळी पोचले. स्टेशनवरून रामदासपेठेतलं वहिनीचं घर जवळच. (रिक्षा म्हणू नका, इथे ऑटो म्हणतात.) दाराशी वहिनी उभी होतीच. "किती वाळली वं बेबी! पुण्यात खायले देत नाहीत का?" नागपूर सोडून मला इतकी वर्षं झाली, पण या घरात मी बेबीच आहे.

पहिला दिवस जागा हेरण्यात घालवला. तुम्हीही तसंच करा. दिवसभरासाठी ऑटो ठरवला तर आठशे रुपयांच्या आसपास पडतो. झिरो माइलचा दगडी खांब सुंदर आहे, पण भोवती गाड्यांची इतकी वर्दळ की बसणारा माणूस बावरतो. तेलंगखेडीच्या बागेत सावली छान मिळते. तिपाई लावायची असेल तर आधी फाटकावर विचारून घ्या. शेवटी मी फुटाळा तलाव निवडला. या दिवसांत सव्वासात ते साडेआठ तिथलं ऊन कोवळं असतं, आणि मागे सगळं पाणी. माणसाला गडद रंगाचे कपडे घालायला सांगावेत, पांढरे नकोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मरून रंगाची साडी नेसून, वर स्वेटर चढवून आली. काठावर आमच्याआधीच एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं. मुलीचा झगा दोन माणसं वाऱ्यावर उडवत होती.

"हे सगळे फोटो लग्नाच्या आधीच काढून राहिले," वहिनी म्हणाली, "मंग लग्नात काय करतीन?"

मी हसले. मग तिला कठड्यावर बसवलं, आणि ती पासपोर्टच्या फोटोसाठी बसल्यासारखी ताठ झाली. मुठी आवळलेल्या, ओठ मिटलेले.

"वहिनी, जरा सैल बस ना."

"काहून? सैल बसून फोटो चांगला येते का?" आणि दोन मिनिटांनी, "झालं का वं?"

पंधरा फोटो काढले. पंधराही तसेच. मी लेन्स बदलत होते तेव्हा ती तलावाकडे बघत शांतपणे म्हणाली, "असं सांग ना सरळ, मी मेल्यावर भिंतीवर लावाले फोटो पाहिजे तुले."

"तसं नाही वहिनी."

"मंग कसं?"

मी लेन्सचं झाकण शोधू लागले.

"ह्यांच्या वेळी किती धावपळ झाली, मले काय माहीत नाही? पण एकटीनं बसलं का मले आत्ताच हार घातल्यासारखं वाटते."

मी कॅमेरा पिशवीत टाकला. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर आम्ही तर्री पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा घातलेले पोहे, खाल्ले, तीस रुपये प्लेट. नाकातोंडातून पाणी आलं. पुण्याहून येणाऱ्यांनी तर्री आधी चमचाभरच मागावी.

दुपारी तिने वडाभात केला. जेवून मी बैठकीत दादाच्या फोटोसमोर बसले. त्या फोटोच्या उजव्या कडेला दोन बोटं रुंदीची हिरवी पट्टी आहे. कापताना राहून गेलेली. फोटोग्राफी शिकल्यापासून ती मला फारच खुपायची. मी म्हटलं, "वहिनी, ही पट्टी मी पुसून देते. मोबाइलवर मिनिटाचं काम आहे."

"हात नको लावू!" ती स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली. "तो माहा खांदा हाय."

मी उठून फोटोच्या काचेला नाक लावलं.

"स्टुडिओवाला पण पुसाले निंगला होता. मीच नाही म्हटलं. ते एकटे नाहीत त्याच्यात. मी हाओ ना बाजूले."

इतकी वर्षं मी तिच्या खांद्याला कापणाऱ्याची चूक समजत होते.

संध्याकाळी तीच म्हणाली, "तुले फोटो पाहिजेच ना? मंग उद्या तुह्या शाळेपाशी चाल."

तिसरा दिवस रविवार. माझ्या कॉन्व्हेंटसमोरचा रस्ता रिकामा होता. फाटकासमोर कडुनिंब आणि त्याखालचा दगडी पार अजून तसाच आहे. वहिनी कुहीजवळच्या गावातून लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, मी दहाची. अर्ध्या सुट्टीत ती गरम डबा घेऊन या पारावर बसायची. आत मी दिवसभर इंग्रजी बोलायचे, इथे येऊन तिच्याशी मराठीत गप्पा मारायचे, आणि ती माझी सुटलेली लाल रिबीन बांधून द्यायची.

आताही ती बरोबर त्याच कोपऱ्यावर बसली. मी तिपाई लावून फ्रेम तिच्यापुरतीच धरली.

"इथं मी एकटी कधीच बसली नाही," ती म्हणाली. "ये, बस."

मी दहा सेकंदांचा टायमर लावला आणि पळाले. गुडघे कुरकुरले, पदर तिपाईच्या पायात अडकला.

"पळ वं बेबी!" वहिनी ओरडली. "घंटी झाली! घंटी झाली!"

मी तिच्या शेजारी आदळले आणि कॅमेरा क्लिक झाला.

पुण्यात परतल्यावर सगळे फोटो मोठ्या पडद्यावर पाहिले. तलावावरचे चांगले आहेत. प्रकाश, पाणी, सगळं पुस्तकातल्यासारखं, फक्त तिथे वहिनी नाही. पारावरच्या फोटोत उन्हाचे कवडसे चुकीच्या जागी पडलेत, पण वहिनी दात दाखवून हसते आहे, मान माझ्याकडे वळवून. मी चेहऱ्यासकट फ्रेमबाहेर. आत आला आहे तो फक्त निळ्या साडीतला माझा एक खांदा.

दोन प्रती काढल्या. एक तिला कुरियर केली. तिचा फोन आला.

"पोचला. खांदा कापला नाही, बरं केलं."

"कुठे लावलास?"

"लावते काहून? भिंतीले काय घाई हाय? फ्रिजवर ठेवला."

दुसरी प्रत माझ्या टेबलावर आहे. येणारे फोटो उचलून बघतात, सुंदर म्हणतात, मग फोटोच्या कडेला बोट ठेवून विचारतात, हे कोणाचं राहिलं इथे?

मी सांगते, तो माझा खांदा आहे.