अडीच लिटर पाणी

ऋतू, अगं इकडे कान दे जरा. आजीला नुसते गणितांचे फोटो पाठवतेस, तोंड मात्र महिनोन्‌महिने दाखवत नाहीस. शोभतं का हे?

काल तुझा फोटो बघत बसले आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. घरभर करपट वास, अन् हातात ते गणित: गवळ्याच्या वीस लिटर दुधात दहा टक्के पाणी आहे, ते वीस टक्के व्हायला आणखी किती घालावे? शी! अजून हेच शिकवतात?

नववीत आमच्या फळ्यावरही हेच होतं. माझे अण्णा घरोघर दूध घालायचे. सर हसत म्हणाले, "गवळ्याची पोर उठू दे. हिच्या तर घरचंच गणित!" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. उत्तर येत होतं गं मला, अडीच लिटर. पण सांगितलं असतं तर अण्णांवर शिक्का बसला असता. म्हणून ओठ मिटून उभी राहिले अन् ढ ठरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सरांच्या दारात मी किटली धरून उभी. अण्णांनी माप भरून वर नेहमीची जास्तीची धार सोडली. सर पातेलं पुढे करत म्हणाले, "तुमच्या दुधाला साय काय धरते हो, अण्णा!"

म्हणजे माहीत होतं त्यांना. आजही त्या हसण्याची किळस येते बघ.

ते गणित कसं सोडवायचं, ते समोर बसवून दाखवीन, फोनवर नाही. ये बाई लवकर पिंपळगावला. साय राखून ठेवते.