उघडत नसलेली सीडी

फेब्रुवारी २००५. मंगळवार, दुपारी पावणेबाराच्या सुमारास गडहिंग्लज एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर मी दिनकरला सांगितलं, "उघडतीया." सीडी उघडत नव्हती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, संपादकांना नाही, आणि दिनकरला तर नाहीच.

दिनकर आमच्या दैनिकाचा छायाचित्रकार. मी बातमीदार. तोंडावर मी त्याला दिनूदा म्हणायचो, मनात कधीच नाही. सीमाभागातल्या गोंदवलेल्या म्हाताऱ्या बायकांवर पुरवणी काढायची ठरली होती, म्हणून आम्ही दोघं त्याच्या मोटारसायकलवरून आठवडाभर फिरत होतो. फोटो तो काढणार, मजकूर मी लिहिणार. कागदावर काम निम्मं-निम्मं होतं. पण पान लागताना काय व्हायचं? फोटो पाच कॉलम, आणि माझा मजकूर कापून फोटोखालच्या चार ओळी. मला तो माणूस आवडत नव्हता. आवडत नव्हता हा सभ्य शब्द झाला. त्याच्या गाडीवर मागे बसलो की त्याच्या मानेकडे बघायचीही मला किळस यायची.

त्या वर्षी आमच्याकडे लॅपटॉप नव्हता. ऑफिसातही एकाकडेच होता, तो मालकांच्या मुलाकडे. दिनकरकडे डिजिटल कॅमेरा नवा आणि मेमरी कार्डं दोनच. ती भरली की जवळच्या गावातला स्टुडिओ गाठायचा, फोटो संगणकावर उतरवून सीडी मारून घ्यायची, मग कार्ड पुसून पुन्हा वापरायचं. यासाठी दिनकरनं एक नियम केला होता. ज्या मशीनवर सीडी लिहिली, त्या मशीनवर ती उघडली तर तो पुरावा नाही. ते मशीन स्वतःची सीडी बहुतेक वेळा वाचतंच. म्हणून दुसऱ्या दुकानात, दुसऱ्या संगणकावर लावून बघायची. तिथं फोटो उघडले, तरच कार्ड पुसायचं. हे बघायला जायचं काम माझं. का? कारण माझ्याकडे कॅमेरा नव्हता, आणि त्याच्या मते दुसरं काही कामही नव्हतं.

आदल्या दिवशी, सोमवारी, आम्ही नेसरीच्या पुढच्या एका वाडीत होतो. तिथं गंगव्वा होती. वय विचारलं तर हसायची. कपाळ, हनुवटी, गळा, दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. इतकं भरगच्च गोंदण मी नंतर कुठं पाहिलं नाही. फोटोला ती आधी तयारच नव्हती. दिनकर दोन तास तिच्याशी निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलत बसला. शेवटी ती पदर सारून उन्हात बसली आणि म्हणाली, "एकदाच काढ रं तम्मा. परत परत बसायला मी काय नवरी न्हाय." अंगणातली सगळी माणसं हसली. तिचा मुलगा म्हणाला, आमच्या अव्वाचा एक मोठा फोटो करून द्या, घरात तिचा धड फोटोच नाही. दिनकरनं शब्द दिला.

मग कुणीतरी माझ्याकडे बोट करून विचारलं, ह्ये पावणं काय करत्यात? दिनकर म्हणाला, "ह्यो व्हय? ह्यो प्रेसनोट. लोकांनी लिहून दिल्यालं उतरून काढतोय." अंगण पुन्हा हसलं. गंगव्वाही हसली. ती बहुधा काहीच कळलं नाही म्हणून हसली असेल, पण मी तिलाही त्यात मोजलं.

एवढंच. याहून मोठं कारण शोधू नका. मी शोधलंय, नाही.

मंगळवारी स्टँडजवळच्या स्टुडिओत अण्णांनी वाडीतल्या फोटोंची सीडी मारून दिली. अण्णा म्हणजे स्टुडिओचे मालक, पन्नाशीचे, कपाळावर विभूती, कामात सावकाश. त्यांच्या मशीनवर फोटो दिसले. सीडी घेऊन मी समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या नेट कॅफेत गेलो. फाइलींची नावं आली. पहिली उघडली नाही. पाचवी उघडली नाही. शेवटून काही लावून बघितल्या, त्याही नाहीत. कॅफेचा ड्राइव्ह खराब असेल असं मला वाटलं — असं इथं लिहिता आलं असतं. वाटलं नव्हतं. कारण मी शेजारच्या मशीनवरही ती लावून बघितली. तिथंही तेच. सीडी बाहेर काढली, पाकिटात घातली, जिना उतरलो. रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात मी ठरवलं. रागानं डोकं फिरलं होतं का? नाही. डोकं शांत होतं. ते शांत होतं हीच इथं सांगायची गोष्ट आहे.

दिनकरनं चहाचा कप बाकावर ठेवला, कॅमेऱ्यात ते कार्ड घातलं आणि विचारलं, "नीट बगितलास न्हवं?"

"व्हय दिनूदा. उघडतीया."

कॅमेऱ्यानं त्याला पडद्यावर एकदा विचारलं, सगळं पुसायचं का. तो पडदा मला दिसत होता. त्यानं बटण दाबलं. मी माझा चहा संपवला. दुपारी पुढच्या गावात त्याच कार्डावर त्यानं आणखी फोटो काढले, कार्ड भरेपर्यंत. पुसलेले फोटो काही वेळा परत मिळवता येतात, हे आम्हाला वर्षभरानं कळलं. त्या कार्डावर तीही सोय उरली नव्हती.

तुम्ही म्हणाल, एक दिवसाचं काम गेलं, आयुष्य तर गेलं नाही. मीही तेच म्हणत आलो — म्हणूनच सांगतो, म्हणू नका.

शुक्रवारी कोल्हापुरात ऑफिसच्या संगणकावर ती सीडी उघडली नाही. दिनकरनं ती चार ठिकाणी लावून बघितली. शनिवारी सकाळी तो मला घेऊन गडहिंग्लजला गेला आणि गिऱ्हाइकांसमोर त्यानं अण्णांची कॉलर धरली. अण्णा ओरडले नाहीत. म्हणाले, "माझ्या मशीनवर उघडली हुती की पावणं. तुमचाच माणूस बगायला गेलता. त्याला इचारा."

दिनकर माझ्याकडे वळला. दुकानातले सगळेच वळले. मी म्हणालो, "तवा उघडली हुती. सीडीच हलक्यातली असणार."

हे दुसरं खोटं. पहिलं बोलताना मी दिनकरवर सूड घेत होतो. दुसऱ्याच्या वेळी समोर कोण होतं? माझं काहीही वाकडं न केलेला माणूस. दिनकरनं त्यांना तोंडाला येईल ते सुनावलं. मी दारात उभा राहून ऐकलं. आणि खरं सांगायचं तर, दिनकरचा आवाज फाटताना मला बरं वाटत होतं. अण्णांनी त्या दिवसापासून सीडी मारून देणं बंद केलं. "ते काम आमच्यात न्हाय," एवढंच पुढं ते सांगायचे. हे मी दोन वेळा स्वतः ऐकलं.

दिनकर तिथून तडक वाडीला गेला. मी बरोबर होतो. गंगव्वा परत बसली नाही. तिनं हातानंच जा म्हणून सांगितलं. दिनकरनं फार आग्रह केला नाही. पुरवणी तिच्याविना निघाली. माझा मजकूर त्या वेळी पहिल्यांदा न कापता लागला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर गंगव्वाचा मुलगा कोल्हापुरात आमच्या ऑफिसात आला. गंगव्वा वारली होती. त्याला तो मोठा फोटो हवा होता. दिनकर हातकणंगल्याला कामावर गेला होता. टेबलावर मी होतो. मी त्याला पाणी दिलं, बसवलं, आणि सांगितलं की गडहिंग्लजच्या स्टुडिओवाल्यानं सीडी बिघडवली. तो म्हणाला, "बरं." मग उठून गेला.

दिनकर २००८ मध्ये नोकरी सोडून गेला. त्या सीडीबद्दल त्यानं मला पुन्हा कधी विचारलं नाही.

२००९च्या निवडणुकीत बातमीसाठी मी त्या वाडीत गेलो होतो. मुलगा शेतात होता. सुनेनं आत बोलावलं, मला ओळखलं नाही. भिंतीवर गंगव्वाचा फोटो होता, मतदार ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. काळपट, डोळ्यांच्या जागी दोन डाग. मी त्याच्याकडे बघतोय हे पाहून सून म्हणाली, "एवढाच घावला बगा."