खालची ओळ खरी

मी काय काम करते हे दहिवलीत कुणी विचारलं, तर ‘कॉम्प्युटरवर असते’ एवढंच सांगते. त्यापुढे गेलं की समोरच्याचे डोळे पंख्याकडे वळतात. इथे मात्र थोडं सांगणं भाग आहे. मजकूर लिहायचा एक साधा, फुकट मिळणारा एडिटर आहे. त्यात माहितीची फाईल उघडली की डावीकडे तुम्ही लिहिलेल्या ओळी दिसतात आणि उजवीकडच्या खिडकीत तीच माहिती मोठ्या अक्षरांत, नीट मांडलेली. डावीकडचं वाचून, समजून घेऊन उजवीकडे पोचवणारा जो कोड आहे, त्याला आम्ही पार्सर म्हणतो. त्याच्या चुका दुरुस्त करणं हे माझं हौसेचं काम. पोटापाण्याचं वेगळं आहे, आणि ते याहून कंटाळवाणं आहे.

या फाईलची रीत सोपी असते. डावीकडे नाव, मधे दोन टिंबं, उजवीकडे त्या नावापुढची माहिती. मीठ: चिमूटभर. साखर: दोन चमचे. एक नाव एकदाच यावं असा नियम आहे. पण कुणी तेच नाव दोनदा लिहिलं तर काय करायचं, याबद्दल नियम लिहिणाऱ्यांनी मूग गिळले आहेत. आमचा पार्सर हू की चू न करता पहिली ओळ धरायचा आणि दुसरी सोडून द्यायचा.

कुठल्याशा थंड देशातल्या एका गृहस्थाने याविरुद्ध तक्रार नोंदवली. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, पण तो चपलासुद्धा रांगेत लावत असणार याची मला खात्री आहे. त्याचं म्हणणं, असली फाईल उघडूच नये, सरळ लाल अक्षरांत नकार द्यावा. मला पटलं. मी तसा बदल केला, चाचण्या पार पडल्या, आणि जगाला द्यायच्या आधी नेहमीप्रमाणे नवी आवृत्ती बाबांच्या कॉम्प्युटरवर टाकून आले. बाबांइतकं वेडंवाकडं वापरणारं दुसरं गिऱ्हाईक माझ्याकडे नाही.

बाबा भिवपुरीच्या पावर हाऊसमध्ये पाळीवर होते. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि स्टेशनापलीकडच्या गावात भावकीशेजारी घर बांधलं. क्वार्टर सुटलं, पाळी सुटली नाही. अजून घड्याळ बघून चहा मागतात. लहानपणी डबा द्यायला गेले की पाळी बदलताना मी बघत उभी राहायचे. जाणारा माणूस खुर्चीतून उठून म्हणायचा, ‘चार्ज दिला.’ येणारा म्हणायचा, ‘घेतला.’ तो ‘घेतला’ ऐकू येईपर्यंत जाणाऱ्याने दार ओलांडायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी बाबांचा फोन आला.

“अगं, तुझं मशीन संपावर गेलंय. उजवीकडं नुसतं लाल लिहून येतंय.”

“कुठली फाईल उघडलीत?”

“आईच्या गोळ्यांची.”

बाबा एडिटरमध्ये आईच्या गोळ्यांची फाईल ठेवतात, हे मला माहीत होतं. ती कशी ठेवतात हे कधी बघितलं नव्हतं. स्कूटर काढली आणि गेले. शनिवार होता, पळसदरीच्या धरणाकडे निघालेल्या गाड्यांनी चौक तुंबवून ठेवला होता. त्यांना मनात यथेच्छ शिव्या घालत पोचले.

आई दारातच होती. जिन्याचा कठडा धरून. गेले काही आठवडे तिला उठता-बसता गरगरायचं. ऊन, वय, उपास, अशी कारणं आम्ही सगळ्यांनी आपापल्या सोयीने लावून घेतली होती.

फाईलमध्ये जवळजवळ प्रत्येक नाव दोनदा होतं. काही तीनदा. रक्तदाबाच्या गोळीपुढे लिहिलं होतं, सकाळी: एक. त्याच्याखाली पुन्हा, सकाळी: अर्धी.

“बाबा, गोळी बदलली की जुनी ओळ काढून टाकायची असते.”

“काढायची?” बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी चालू मशीनमध्ये हात घालायला सांगितलंय. “लिहिलेलं काढायचं नाय. आदी काय होतं ते पुढच्या पाळीला कळाया नको? खाली नवीन लिहायचं. खालची ओळ खरी. आमी सगळी नोकरी तशीच केली.”

मी हसणार होते. तेवढ्यात लक्षात आलं, आमचा पार्सर तर वरची ओळ धरत होता.

“आई गोळ्या कशावरून घेते?”

“त्या उजव्या खिडकीवरून. तिच्यासाठीच मोठी अक्षरं ठेवलीत की.”

जुनी आवृत्ती पुन्हा टाकून बघितली. खिडकीत स्वच्छ मोठ्या अक्षरांत आलं, सकाळी: एक. रक्तदाब खाली जातोय म्हणून कर्जतच्या डॉक्टरांनी गोळी अर्धी केली होती. बाबांनी ती त्याच दिवशी इमानेइतबारे लिहिली होती. पार्सरने ती सोडून दिली होती. आणि आई रोज सकाळी चष्मा लावून, खिडकीत वाचून, अख्खी गोळी घेत होती. मला भीती वाटली, मग राग आला, आणि तो राग काढायला समोर कुणीच नव्हतं.

बाबा खुर्चीवर बसून राहिले. मी त्यांना असं बसलेलं याआधी बघितलं नव्हतं.

आईला तसंच कर्जतला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, बाकी सगळं ठीक आहे म्हणाले, अर्धीच घ्या आणि पुन्हा दाखवा. येताना रिक्षात आईने आम्हा दोघांना वडापाव घ्यायला लावला. तोंडं बघवत नव्हती म्हणे.

घरी आल्यावर मी म्हटलं, ही फाईल आता मी बघते.

“म्हंजे मला काढला,” बाबा म्हणाले.

“काढलं नाही हो.”

फाईलच्या सुरुवातीला ‘जबाबदार’ असं लिहून पुढे बाबांनी स्वतःचं नाव घातलं होतं. ते मी खोडलं नाही. त्यांच्या रीतीने खाली नवी ओळ घेतली, जबाबदार, आणि माझं नाव. बाबा उठून मागच्या दारी गेले. अंगणात काही काम नव्हतं. आपण बरोबर वागतोय आणि तरी वाईट वागतोय, असं मला दोन्ही एकदम वाटत होतं.

मग आठवडाभर त्या थंड देशातल्या गृहस्थाशी माझं लेखी भांडण चाललं. त्याच्या हट्टामुळेच आईची गोळी सापडली, हे मी त्याला कबूल केलं. पण लोक असंही लिहितात, आणि डोकं ठिकाणावर ठेवून लिहितात, हेही सांगितलं. शेवटी तडजोड झाली. एकच नाव दोनदा आलं तर इशारा द्यायचा, उजवीकडे खालची ओळ ठळक दाखवायची, आणि वरच्या ओळी पुसून न टाकता फिक्या अक्षरांत ठेवायच्या. नियमात हे बसत नाही, असं त्याने तरीही शेवटी लिहिलंच.

रविवारी ती आवृत्ती घेऊन गेले. बाबा कॉम्प्युटरसमोर बसले होते, पण माउसला हात लावत नव्हते. मी फाईल उघडली. सकाळी: अर्धी, ठळक. वर फिकट, एक. बरं वाटलं. मग नजर सुरुवातीच्या ‘जबाबदार’वर गेली. तिथे बाबांचं नाव फिकट होतं. माझंही फिकट होतं. खाली ठळक अक्षरांत आईचं नाव होतं.

“मी नाय घातलं,” बाबा म्हणाले.

मीही घातलं नव्हतं.

“मी घातलं,” आतून आई म्हणाली. ती भाकऱ्या थापत होती, हात थांबला नाही. “गोळ्या माझ्या, गरगरतंय मला, आनि तुमी दोगं ठरवताय कोन बघणार. मला विचारलं कुनी? खालची ओळ खरी ना? मग धरा.”

बाबा स्क्रीनकडे बघत राहिले. वरून खालपर्यंत तिन्ही नावं त्यांनी वाचली. मग खुर्ची मागे सरकवून उभे राहिले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

“चार्ज दिला,” ते म्हणाले, आणि तिथेच थांबले.

तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत आईने त्यांना तसंच उभं ठेवलं.

“घेतला,” ती म्हणाली. “आता चहा तुमी टाका.”