पेटाऱ्याच्या झाकणातली अक्षरं

"दोन पानं चिकटली होती," आमचे भाऊजी म्हणत होते.

"पानं चिकटली नव्हती. तुझ्या पोटात दुखत होतं," नगारा म्हणाला. "मुद्दाम पाडलंस मला."

मी थिएटरात कपड्यांच्या इस्त्रीला होते, पलीकडच्याच खोलीत, मधे नुसता फळ्यांचा आडोसा. ऐकण्याच्या नादात हातातली कॉलर करपली, म्हणून ते भांडण माझ्या चांगलं लक्षात आहे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. ऑपेराच्या थिएटरात ते प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, खाली, एक माणूस जेमतेम मावेल असा खड्डा होता. प्रेक्षकांना दिसू नये म्हणून त्यावर टोपीसारखं झाकण. त्यात पुस्तक उघडून बसायचं आणि गाणाऱ्याला प्रत्येक ओळीचे पहिले दोन शब्द हळूच पुरवायचे. पुढचं त्याचं तो म्हणतो. सगळे त्यांना खालचे काका म्हणत.

घरीही त्यांची तीच तऱ्हा. "वहिनी, मीठ जरा..." एवढं बोलून थांबायचे. "कमी आहे?" मी विचारायचं. "हं." लग्न राहून गेलं तेही असंच असणार. पहिले दोन शब्द बोलून थांबले असतील, आणि समोरच्या मुलीला पुढची ओळ सुचली नसेल.

नगारा म्हणजे आमच्याकडचा मोठा गवई. आवाज तसा, पोटही तसं. पहिल्या रांगेपर्यंत प्रॉम्प्टरचा आवाज येतो, अशी त्यानं मॅनेजरकडे चुगली केली होती. त्यानंतर आठच दिवसांनी भाऊजींनी त्याला भलत्याच पानावरची ओळ दिली आणि बायकोला म्हणायचं ते तो मोलकरणीला म्हणून बसला. नको तिथं लोक हसले. समोर मोठमोठी मंडळी बसलेली. त्या रात्रीचं हे भांडण.

पुढं तीस वर्षं दोघं बोलले नाहीत. म्हणजे रोज संध्याकाळी तीन तास हा खालून शब्द देणार, तो वरून उचलणार, आणि पडदा पडला की तू कोण नि मी कोण.

खरं सांगते, माझाही भाऊजींवर पुरता भरवसा नव्हता. एकाच आठवड्यात चुगली काय, पानं चिकटणं काय. त्यात त्या दिवसापासून त्यांनी नवीनच सुरू केलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून लहान बाळांच्या पावडरीचा डबा आणायचे, पुस्तकाच्या पानापानावर ती भुरभुरायचे आणि अंगठ्यानं एकेक पान सुटं करून बघायचे. मॅनेजर म्हणायचा, "मनात काही नसेल तर माणूस एवढं कशाला करेल?" मी कानावर हात ठेवायचे, पण मनात पाल चुकचुकायचीच.

मग एक सिनेमावाला आला. आमचा जुना विनोदी ऑपेरा त्याला रंगमंचावर चालू असतानाच कॅमेऱ्यात घ्यायचा होता. गोष्ट साधी आहे. एक संशयी वकील बायकोवर पाळत ठेवायला पेटाऱ्यात लपतो, आणि बायको बाहेरून कुलूप घालते. मग कुलपाची साखळी ढिली म्हणून झाकण वीतभर उचलून तो आतूनच गाणं म्हणतो. ते इतकं भरभर आहे की तीस वर्षं ऐकूनही त्यातले शब्द मला कधी सुटे लागले नाहीत. वकील अर्थातच नगारा.

सिनेमावाल्यानं जागोजागी माईक लावले. फुलदाणीतसुद्धा एक. म्हणाला, "खालच्या काकांची कुजबुज यात येणार. त्या दिवशी खड्डा बंद." नगाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. वय सत्तर, विसरायला तर केव्हाच लागला होता. कुणाला कळत नव्हतं, कारण शब्द खालून वेळेवर यायचा. तालमीत पेटाऱ्यातल्या गाण्यात तो तीनदा अडकला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "यालाच हवं होतं हे. यानंच सिनेमावाल्याचे कान भरलेत."

मॅनेजर इस्त्रीच्या खोलीत आला. "दिरावर लक्ष ठेवा. परवा नगारा पडला, तर तुमच्या दिराला या दारातून पुन्हा आत घेणार नाही."

"ते तर खड्ड्यात नसणारच. मग त्यांचा काय दोष?"

"ते मला नका सांगू. लोक काय म्हणतील ते सांगतो."

लक्ष ठेवायचं म्हटल्यावर सगळंच दिसायला लागतं. भाऊजी घरी पुठ्ठा कापत बसायचे आणि मी आले की उशीखाली सरकवायचे. बोटं शाईनं काळी.

"काय चाललंय भाऊजी?"

"काही नाही, जरा..."

पुढचं मी म्हणायच्या आत उठून गेले. असं कधी करत नसत. म्हटलं, इथं पाणी मुरतंय.

कॅमेऱ्याच्या दिवशी दुपारी मी पेटाऱ्यात चादर अंथरायला गेले. झाकण उघडलं तर आतल्या बाजूला पुठ्ठा चिकटवलेला, आणि त्यावर बोटाएवढी काळी अक्षरं. आठ ओळी. मी दुसरीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून वाचलं, तरी त्या बरोबर की भलत्याच, मला कसं कळावं? कॅमेऱ्यासमोर पुन्हा भलतीच ओळ म्हटली, तर ती जन्मभर दिसत राहणार.

वळले तर मागं भाऊजी.

"हे बरोबर लिहिलंय ना?"

"वहिनी, मी..." ते थांबले.

या वेळी मी पुढची ओळ दिली नाही. नुसती बघत राहिले.

"मी मुद्दाम नव्हतं केलं," ते म्हणाले.

त्या भांडणानंतर त्यांच्या तोंडून पुरं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. विश्वास ठेवला असं नाही म्हणत. झाकण लावलं, एवढंच.

खेळ सुरू झाला. मी विंगेत, भाऊजी माझ्या मागं. नगारा पेटाऱ्यात शिरला, कुलूप पडलं, त्यानं झाकण वीतभर उचललं, दोन ओळी म्हटल्या आणि अडकला. डोळे सवयीनं खड्ड्याकडे गेले. तिथं फळी ठोकलेली. मग नजर वर गेली, झाकणाकडे. अक्षर कुणाचं ते त्यानं ओळखलं असणार, कारण गडी ते म्हणेचना. झाकणाकडे बघितलं, प्रेक्षकांकडे बघितलं, पुन्हा झाकणाकडे. एक डोळा बारीक केला. वाद्यवाले हात वर धरून थांबलेले. भाऊजींचा श्वास मला ऐकू येत होता.

आणि लोक हसायला लागले. त्यांना वाटलं, वकिलाला पेटाऱ्याचाही संशय आलाय.

नगाऱ्यानं पहिले दोन शब्द अगदी हळू म्हटले, दूध गरम आहे का म्हणून बोट बुडवावं तसे. काही बिघडलं नाही. मग बांध फुटल्यासारखा पुठ्ठ्यावरच्या आठही ओळी म्हणून मोकळा झाला. माझा जीव भांड्यात पडला.

अर्धा रंग पुसलेल्या तोंडानं तो इस्त्रीच्या खोलीच्या दारात आला. भाऊजी स्टुलावर बसले होते.

"अक्षर फार घाणेरडं आहे तुझं."

"आत अंधार, म्हणून..."

"मोठं काढलंस. कळलं मला."

पुढं सिनेमा लागला. तो चेहरा पडदाभर दिसला. संशय असा कुणी वठवला नाही, असं पेपरात छापून आलं. सिनेमावाल्यानं तर मलाच विचारलं की झाकणाकडे संशयानं बघायची ही युक्ती नगाऱ्यानं तालमीत का नाही दाखवली. भाऊजी शेजारीच होते, गुडघ्यांवर हात ठेवून.

दोघं जिवलग झाले, असलं काही नाही. कॅमेरे गेले, खड्डा उघडला. खेळाआधी नगारा वाकून आत डोकावायचा. "आज पानं सुटी आहेत ना रे? की पोटात दुखतंय?"

"सुटी आहेत, पण तू जरा..."

"गातो नीट. तू खाली बघ."

असं चार वर्षं चाललं. मग एका सकाळी भाऊजी उठलेच नाहीत.

आदल्या संध्याकाळी ते कोपऱ्यावर गेले होते, पावडर संपली म्हणून. दुकानदारानं इतक्या वर्षांचा जुना विनोद केला, "काका, घरात पाळणा हलला की काय?" हे मला त्यांनीच सांगितलं, दोनच शब्दांत, पुढचं मी म्हटलं. मग इस्त्रीच्या खोलीत डबा उघडला, पानापानावर भुरभुरला, अंगठ्यानं शेवटपर्यंत एकेक पान सुटं केलं आणि फुंकर मारली. मी इस्त्री केलेल्या त्यांच्या काळ्या कोटावर पांढरा थर बसला.

"भाऊजी, कोट."

"अरे, हे जरा..."

"झटका."

त्यांनी बाहीनं कोट झटकला, पुस्तक काखेत मारलं आणि वाकून खाली खड्ड्यात उतरले.